फ्लाय ॲशच्या विटा घेताय? मग आमच्या नाशिकच्या जेलरोडच्या बांधकामाचं हे वाचा

आधी निकाल सांगून टाकतो. विटेला 5 पैकी 4, आणि पहिली खेप ज्याच्याकडून घेतली त्या सप्लायरला 2, तेही त्याचा ड्रायव्हर भला माणूस होता म्हणून. जुनं पत्र्याचं घर पाडून आरसीसीचं बांधलं, बाहेरच्या सगळ्या भिंती फ्लाय ॲशच्या म्हणजे कोळशाच्या राखेच्या विटांच्या, आतल्या चार इंची भिंती हलक्या ब्लॉकच्या, ज्याला सगळे सिपोरेक्स म्हणतात ते. लाल वीट एकही नाही.

लोक विचारतात राखेची का. अरे, एकलहऱ्याचं वीज केंद्र आपल्या उशाला, 210 मेगावॅटचे संच आहेत तिथं, आणि आपल्याकडचा कोळसा जाळला की त्यातला साधारण 30 ते 40 टक्के भाग राख म्हणून उरतो, ती जाणार कुठं? सरकारनं 1999 मध्येच नोटिफिकेशन काढलं होतं की वीज केंद्रापासून 50 किलोमीटरच्या आत मातीच्या विटा पाडायच्या तर त्यात किमान 25 टक्के राख घाला. पुढे ते अंतर वाढत गेलं आणि 31 डिसेंबर 2021 च्या नोटिफिकेशनमध्ये तर केंद्रांनी 100 टक्के राख वापरात आणायची असंच आलं. दुसरीकडे लाल विटेला शेतातली नाहीतर नदीकाठची वरची माती लागते आणि वर भट्टी, म्हणजे कोळसा, भुसा, धूर. राखेच्या विटेला भट्टीच नाही. राख, दगडाची कच, चुना किंवा सिमेंट, थोडं जिप्सम, प्रेसमध्ये दाबायचं आणि मग पाणी मारत बसायचं, बास.

आता खरी गोम. सप्लायर सगळे ‘इको फ्रेंडली’ म्हणून बोर्ड लावतात पण विटा दोन जातीच्या असतात आणि गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही. चुना-जिप्समची वीट हळूहळू ताकद धरते, तिला भारतीय मानक आयएस 12894. सिमेंटची लवकर कडक होते, तिला आयएस 16720. ज्याला माल पटकन विकून जागा मोकळी करायचीय तो सिमेंट वाढवतो. आता सिमेंट म्हणजे चुनखडी 1450 डिग्रीच्या आसपास भाजून केलेले कडक खडे म्हणजे क्लिंकर, तो दळलेला, त्यात इंधनाचा धूर वेगळा आणि दगडातूनच सुटणारा कार्बन डायऑक्साइड वेगळा. मग भट्टी वाचवली म्हणून काय मिरवायचं? तरी वीट वाईट नसते हां, फक्त बोर्डावर लिहिलंय तेवढी हिरवी नसते. म्हणून यार्डात गेल्यावर पहिला प्रश्न, चुना किती सिमेंट किती. जो सरळ सांगेल त्याच्याकडून घ्या.

पहिल्यानं सांगितलं नाही. विटेच्या तपासणीचा रिपोर्ट मागितला तर झेरॉक्स दिली, त्यावर नाव भलत्याच साइटचं आणि तारीख जुनी. गाडी आली तेव्हा विटा हाताला ओलसर लागत होत्या, उतरवतानाच कोपरे गळायला लागले, एक घेऊन नखानं खरवडली तर राखाडी पावडर बोटावर. फोन केला तर म्हणे ‘एवढी तूट चालते भाऊ, उन्हात ठेवा’. उन्हात कशाला? पाणी मारायचं काम तुझं होतं, ते तू अर्धवट सोडून माल पाठवलास, आता ऊन देऊन काय ती पिकणारेय का. ती खेप ओट्याखालच्या भरावात आणि मोरीच्या ठोकळ्यात जिरवली.

दुसरं यार्ड शिंदे-पळश्याच्या बाजूला मिळालं. तिथं प्रत्येक थप्पीवर खडूनं तारीख, कधी पाडली ते. शेठनं स्वतः दोन विटा एकमेकींवर आपटून दाखवल्या, टण्ण आवाज. मग एक फोडली, आतून सगळी एकसारखी, पांढऱ्या गाठी नाहीत. चुन्याची गाठ राहिली तर ती नंतर पाणी पिऊन फुगते आणि प्लास्टर उडवते, हे शेठनंच सांगितलं. रिपोर्टवर दाब सोसायची ताकद 7.5 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आणि पाणी शोषणं 20 टक्क्यांच्या आत, साध्या घराला एवढं भरपूर. एक गोष्ट मात्र खटकली, राखेच्या ढिगाजवळ काम करणारी पोरं नुसता रुमाल बांधून होती. हिरवा माल म्हणायचं आणि राख पोरांच्या छातीत. शेठला बोललो, तो हसला फक्त.

मिस्त्री सुरुवातीला नाक मुरडत होते. ‘भाऊ, राखेच्या भिंतीला खिळा तरी धरल का?’ धरतो, ड्रिल मारून प्लास्टिकचा प्लग घातला की झालं. दोन थर चढल्यावर त्यांचंच मत बदललं, कारण सगळ्या विटा एका मापाच्या, ओळंबा बिघडत नाही, आणि प्लास्टरची जाडी चक्क कमी लागली. वाळू-सिमेंट तिथं वाचलं, माझ्या हिशोबानं खरा फायदा तो. पण लाल विटेसारखं हौदात बुडवून ठेवू देऊ नका, नुसतं पाणी शिंपडायचं. सांधे ओले असतानाच खरवडून घ्या, पृष्ठभाग गुळगुळीत असल्यानं प्लास्टर सुटू शकतं. आणि कॉलमला भिंत भिडते तिथं कोंबडीजाळी मारायचीच, एका जागी राहिली होती तिथं केसासारखी चीर आली, बाकी कुठं नाही.

‘घर थंड राहतं’ हे सेल्समनचं बोलणं सोडून द्या. पश्चिमेची भिंत एप्रिलात लाल विटेइतकीच तापते. थंडाव्याचं बोलायचं तर तो हलक्या ब्लॉकचा गुण, त्याच्या पोटात हवेचे बुडबुडे असतात, ॲल्युमिनियम पावडरनं फुगवलेले. पण त्यावर गीझर टांगायचा तर साध्या प्लगचं काम नाही, वेगळे फास्टनर लागतात, प्लंबरला आधीच बजावून ठेवा.

दर नगाला लाल विटेपेक्षा थोडा कमी पडला पण ही वीट वजनदार, एक साधारण 3 किलोची, त्यामुळे लांबून मागवली की भाडं सगळं खाऊन टाकतं. जेलरोड, नाशिकरोड, पळसे, सिन्नर फाटा इकडच्यांना परवडतं, गंगापूर रोडवाल्यांनी आधी भाड्याचा हिशोब घालावा. कंपाउंडची भिंत अजून राहिलीय, तिला हीच वीट त्याच यार्डातून सांगितलीय. पावसाच्या आधी उचला मात्र, आणि गाडी सकाळची बोलवा, दुपारनंतर उतरवायला हमाल मिळत नाहीत.