नाइस म्हणजे नेणता

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची १९७१ साली निघालेली दोन खंडांची आवृत्ती गेली अकरा वर्षं माझ्या टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात आहे. जाड पुठ्ठ्याची पेटी, तिच्यात दोन भलेमोठे खंड, आणि पेटीच्या माथ्यावर एक छोटासा खण. त्या खणात भिंग. भिंगाशिवाय हा कोश वाचता येत नाही, कारण मूळ तेरा खंडांची चार-चार पानं फोटोने लहान करून इथे एकेका पानावर बसवली आहेत. जुन्या पुस्तकांच्या दुकानात ही पेटी दिसली तर घ्यावी का, असं मला अनेकजण विचारतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

मी इंग्रजी-मराठी भाषांतराची कामं करते. खरेदीखतं, मृत्युपत्रं, घराण्यांचे जुने पत्रव्यवहार, कोर्टात लावायचे कागद. बारा वर्षांपूर्वी एका वकिलांनी इनामजमिनीच्या वादातलं एक दप्तर माझ्याकडे दिलं होतं. त्यात एकोणिसाव्या शतकातल्या एका इंग्रज अधिकाऱ्याचं पत्र होतं. जमिनीवरचा हक्क मुलीकडे जातो की पुतण्याकडे, हा 'नाइस क्वेश्चन' आहे, असं त्याने लिहिलं होतं. मी लिहून मोकळी झाले, 'हा चांगला प्रश्न आहे.' दोन दिवसांनी वकिलांचा फोन आला. "ताई, साहेब इथे खूश झालाय की अडलाय?"

अडला होता. त्या वाक्यातल्या नाइसचा अर्थ होता नाजूक, बारकाव्याचा, सहज निकाल देता येणार नाही असा. घरातले तीन कोश मी तेव्हा काढून पाहिले. तिन्हींत पहिला अर्थ छान, सुंदर, चांगला. एकात अगदी शेवटी 'सूक्ष्म' असं होतं, पण भाषांतर करताना मी कोश उघडलाच नव्हता. शब्द इतका ओळखीचा, की कोश बघायची गरजच वाटली नाही. अनोळखी शब्दाला आपण थांबतो, कोश उघडतो. ओळखीच्या शब्दापाशी कुणी थांबत नाही, आणि घात तिथेच होतो. त्या चुकीने मला फार लागलं. मजकूर दाखल व्हायच्या आधी दुरुस्त झाला, हे नशीब.

पुढच्याच वर्षी पुण्यात एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात ही पेटी दिसली. दुकानदार म्हणाले, "ताई, भिंग शाबूत आहे, आधी बघून घ्या. भिंग नसेल तर ही नुसती विटांची जोडी." साडेतीन हजार रुपये पडले. रिक्षात पेटी मांडीवर घेऊन बसले होते, उतरताना पाय बधिर झालेले. घरी येऊन चहासुद्धा न टाकता पहिला खंड उघडला आणि एन काढला.

हा कोश इतर कोशांसारखा आजचा अर्थ आधी आणि बाकीचे मागून, असं करत नाही. शब्दाचा अर्थ कसकसा फुटत, वळत गेला त्या क्रमाने तो मांडतो, आणि प्रत्येक अर्थाखाली साक्षीदार उभे करतो: अमुक साली, अमुक पुस्तकात, अमुक पत्रात हा शब्द असा वापरला, ते वाक्य जसंच्या तसं. साल ठसठशीत अक्षरात. मेलेल्या अर्थाच्या आधी खंजिराचं एक बारीक चिन्ह. नाइसच्या नोंदीवर भिंग फिरवलं तर सुरुवातीला खंजीरच खंजीर दिसतात.

पहिला खंजीर आहे 'मूर्ख' या अर्थावर. तेराव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तो मूर्ख, अडाणी याच अर्थाने. फ्रेंचमध्ये तो आला लॅटिन 'नेस्कियुस'वरून. 'ने' म्हणजे न, आणि 'स्किरे' म्हणजे जाणणे. न जाणणारा. सायन्स हा शब्दही त्याच 'स्किरे'चा, म्हणजे सायन्स आणि नाइस एकाच घरातले. हे वाचताना भिंग हातात तसंच राहिलं, कारण याच घडणीचा शब्द आपल्याकडे आहे: नेणता. न आणि जाणता. संतांच्या अभंगांत पदोपदी भेटणारा. जाणण्याचे धातू वेगळे, पण बांधणी तंतोतंत तीच. आणि 'नेणतं लेकरू' म्हणताना आपल्या मनात राग नसतो, माया असते. न जाणणाऱ्यासाठीचा शब्द आपल्याकडे असा मऊ आहे.

इंग्रजीतला नाइस मात्र सरळ मऊ झाला नाही. आधी मूर्ख, मग उच्छृंखल, मग नटण्यामुरडण्यात नको इतका रमणारा. नटव्या माणसाला बारीकसारीक गोष्टी डाचतात, म्हणून पुढे चोखंदळ, काटेकोर. काटेकोर माणसाला जे बारकावे दिसतात ते म्हणजे सूक्ष्म, नाजूक. माझ्या साहेबाच्या पत्रातला नाइस या पायरीवरचा. इंग्रजी कायद्याच्या भाषेत तो अजून जिवंत आहे. आणि चोखंदळ माणसाला आवडेल ते रुचकर, सुखद, छान. 'छान' हा अर्थ माझ्या प्रतीत सगळ्यात शेवटच्या काही अर्थांत येतो आणि त्याचा पहिला साक्षीदार आहे १७६९चा. एका पत्रात संध्याकाळच्या 'नाइस' फेरफटक्याचा बेत लिहिलाय, बस. मूर्खापासून छानपर्यंत यायला जवळजवळ पाचशे वर्षं लागली, आणि शेवटची पायरी चढली ती अशा घरगुती पत्रात.

या पायऱ्या मी वर ओळीने सांगितल्या, पण कोश इतक्या खात्रीने सांगत नाही. ही गोष्ट मला या पुस्तकाची सगळ्यात मोठी श्रीमंती वाटते. नोंदीतच संपादक कबूल करतात की या अर्थांचा नेमका प्रवास पुरता उलगडत नाही, आणि सोळाव्या-सतराव्या शतकातल्या कित्येक वाक्यांत लेखकाला कोणता अर्थ हवा होता ते सांगणं अवघड आहे. एन हे अक्षर विल्यम क्रेगी यांनी संपादित केलं. एवढी वाक्यं समोर असलेला माणूस 'कळत नाही' असं छापतो, तेव्हा त्याच्या बाकीच्या शब्दावर माझा विश्वास बसतो.

शेक्सपिअरच्या रोमिओ अँड ज्युलिएटमधलं उदाहरण घ्या. रोमिओला धाडलेली चिठ्ठी पोचलीच नाही हे कळल्यावर फादर लॉरेन्स हादरून म्हणतो की ते पत्र 'नाइस' नव्हतं, फार महत्त्वाचं होतं. इथे नाइस म्हणजे क्षुल्लक. 'पत्र छान नव्हतं' असं भाषांतर केलं तर नाटकाचा सगळा शेवट ज्या चिठ्ठीवर टांगलाय तीच हातातून निसटते. जेन ऑस्टिनच्या नॉर्दँगर ॲबीमध्ये, म्हणजे १८१७च्या अखेरीस छापलेल्या कादंबरीत, हेन्री टिल्नी या शब्दावरून नायिकेची चांगलीच फिरकी घेतो: दिवस नाइस, फेरफटका नाइस, मुली नाइस, सगळ्याला एकच शब्द. मूळ अर्थ नीटनेटका, नाजूक असा असावा, हा त्याचा तर्क. खंजिरांची रांग पाहिल्यावर कळतं की मूळ त्याच्याही बरंच मागे होतं.

हा कोश कसा झाला हे ठाऊक असेल तर त्या बारीक अक्षरांचा कंटाळा येत नाही. १८७९ साली जेम्स मरे यांनी संपादकाची जबाबदारी घेतली तेव्हा दहा वर्षांत काम उरकेल असा अंदाज होता. १८८४ साली पहिला भाग छापून आला तो फक्त 'ए'पासून 'अँट'पर्यंत, म्हणजे मुंगीपर्यंत. पत्र्याच्या शेडमध्ये बसून, देशोदेशीच्या वाचकांनी टपालाने धाडलेल्या चिठ्ठ्या लावायच्या, हे काम. मरे १९१५ साली गेले. कोश पूर्ण झाला १९२८ साली. ४ लाखांहून जास्त शब्दरूपं, १८ लाखांहून जास्त अवतरणं. ही सगळी माझ्या त्या दोन खंडांत आहेत, नुसती लहान झालेली.

आता मी कोश काम नसतानाही उघडते. 'डिअर' म्हणजे हरीण, पण जुन्या इंग्रजीत कुठलंही जनावर. किंग लिअरमध्ये उंदीर-घुशीही 'डिअर'मध्ये मोजल्यात. आपला 'मृग' तसाच आहे! संस्कृतात मृग म्हणजे आधी कुठलाही वन्य पशू, म्हणून सिंह मृगराज, वानर शाखामृग, शिकार मृगया. पुढे उरलं फक्त हरीण. दोन भाषा, हजारो मैल अंतर, आणि आकसणं एकाच जनावरापाशी येऊन थांबलं. 'मीट' म्हणजे कोणतंही अन्न, 'गर्ल' म्हणजे मुलगा किंवा मुलगी कुणीही, हे असंच सापडत जातं. आणि 'मंगूस' काढून बघाच. तिथे स्पष्ट लिहिलंय, मराठीवरून. आपला मुंगूस तिथे बसलेला पाहून मला खरोखर भरून आलं होतं.

आता उणिवा. अक्षर फार बारीक. चाळिशी ओलांडलेल्यांना भिंग आणि वरून पडणारा चांगला दिवा दोन्ही लागतं, आणि सलग अर्धा तास वाचलं की मान धरते. बांधणीच्या घडीजवळ पान वळतं, तिथल्या ओळी भिंगातून वाकड्या दिसतात. खंड इतका जड की एका हाताने फडताळातून काढू नये. मजकूर १९३३च्या पुरवणीवर थांबतो, त्यामुळे 'कॉम्प्युटर'च्या मूळ नोंदीत तुम्हाला आकडेमोड करणारा माणूस भेटेल, यंत्र नाही. ज्यांना आजचं इंग्रजी हवंय त्यांनी हा घेऊच नये. १९८९ची वीस खंडांची दुसरी आवृत्ती आहे, इंटरनेटवर वर्गणी भरून वापरायची सतत सुधारली जाणारी आवृत्ती आहे, आणि अवघड प्रसंगी मी ग्रंथालयात जाऊन तीच बघते. तिथल्या नोंदी जास्त भरल्या आहेत, कित्येक शब्दांचे आणखी जुने साक्षीदार सापडलेत. पण पडद्यावर हवा तो अर्थ मिळाला की मी बंद करून उठते. भिंग सरकवताना वरचे आठ-दहा मेलेले अर्थ वाटेत लागतातच, आणि भाषांतरकाराला नडतात ते नेमके तेच.

मराठीसाठी असा सालवार साक्षींचा कोश हवा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, जुन्या मराठीसाठी तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा कोश आहे. तिन्ही माझ्या रोजच्या वापरातले. तरी 'शिक्षा' म्हणजे संस्कृतात शिकवण, हिंदीत शिक्षण आणि मराठीत दंड, हे कोणत्या शतकात, कोणाच्या वाक्यात घडलं, ते एका पानावर सालवार पाहायला मिळावं असं फार वाटतं.

घ्यायला गेलात तर एवढं करा. पेटी नुसती वरून बघू नका. खण ओढून भिंगावर चरा आहे का पाहा. दुसऱ्या खंडाच्या शेवटी पुरवणीची पानं सगळी आहेत ना, तपासा. मग पहिला खंड टेबलावर आडवा ठेवून एन काढा, नाइस शोधा, आणि 'मूर्ख' या अर्थाच्या आधीचा तो बारीक खंजीर भिंगातून बघा. त्याचं टोक नीट दिसलं तर छपाई स्वच्छ उतरलीय, घेऊन टाका. रिक्षावाल्याला आधीच सांगा, पेटी सीटवर ठेवायची आहे.