व्हीआयव्हीओ म्हणून घेतलेलं कार्ड आणि त्यावरची रिकामी जागा

जुन्या व्हीएचएस टेपा कॉम्प्युटरवर उतरवण्यासाठी कुणी सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड शोधत असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. माझे ४,८०० रुपये गेले. त्याहून मोठं नुकसान झालं, ते पुढे सांगतो.

आमचं घर कुडाळजवळ. बाबा नव्वदच्या दशकात लग्नांचं शूटिंग करायचे आणि जत्रांच्या दिवसांत हौसेने दशावतार टिपायचे. रात्रभराच्या नाटकाला तीन तासांच्या ई-१८० टेपा दोन-तीन लागत. अशा ३१ टेपा माळ्यावरच्या ट्रंकेत होत्या. कोकणातली दमट हवा, काहींवर पांढरी बुरशी धरलेली. २०२२ च्या पावसाळ्यात ठरवलं, आता थांबायचं नाही.

आधी स्वस्तातला यूएसबी कॅप्चर, म्हणजे टेपेचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं यंत्र, आणला. जुन्या टेपेवरून सिग्नल डळमळत येतो, आणि हे यंत्र मधल्या फ्रेम गाळून टाकायचं. अर्ध्या तासात पखवाजाची थाप एकीकडे आणि वाजवणाऱ्याचा हात दुसरीकडे. मग शोधताना कळलं की एजीपीच्या (ग्राफिक्स कार्डाच्या जुन्या स्लॉटच्या) काळातल्या काही ग्राफिक्स कार्डांत चित्र आत घ्यायचीही सोय असे. एटीआय कंपनीची ऑल-इन-वंडर कार्डं घ्या, किंवा ज्यांच्यावर व्हीआयव्हीओ लिहिलेलं असे ती, म्हणजे व्हिडिओ इन आणि आउट दोन्ही. बाबांचा विंडोज एक्सपीवाला पीसी अजून चालू होता, एस-व्हिडिओ (रंग आणि प्रकाश वेगळे पाठवणारी जोडणी) असलेला व्हीसीआरही होता. फक्त कार्ड हवं होतं.

जाहिरातीत कार्ड दिसलं. मागे नऊ भोकांचं गोल सॉकेट, सोबत चार शेपट्यांची केबल, दोनवर ‘इन’ आणि दोनवर ‘आउट’. कार्डावर ‘व्हीआयव्हीओ’चं स्टिकर. विकणाऱ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल करून दाखवलंसुद्धा. केबल लावली, शेजारच्या टीव्हीवर कॉम्प्युटरचा डेस्कटॉप झळकला. “बघा दादा, इन-आउट दोन्ही ओके. आवाजपण येतो.” मी तिथेच यूपीआयने पैसे टाकले.

इथेच फसलो. कॉम्प्युटरचं चित्र टीव्हीवर दिसणं म्हणजे आउट. ते त्या काळातल्या असंख्य साध्या कार्डांना जमायचं, बऱ्याचदा मुख्य चिपच्या आतच ती सोय असायची. चित्र आत घेणं हे पूर्ण वेगळं काम. येणाऱ्या अ‍ॅनालॉग सिग्नलमधली ओळीओळीची वेळ पकडायची, रंग आणि प्रकाश वेगळे करायचे, मग त्याचे आकडे करायचे. त्याला वेगळा डीकोडर लागतो. एटीआयच्या कार्डांवर रेज थिएटर नावाची चिप असे, एनव्हिडियाच्या व्हीआयव्हीओ कार्डांवर बहुधा फिलिप्सची एसएए ७११४ किंवा ७११५. ती चिप नसेल तर सॉकेटला नऊ भोकं असोत की नव्वद, आत काही येणार नाही. आणि आवाजाचं म्हणाल तर त्या गोल सॉकेटातून फक्त चित्र जातं. आवाज साउंड कार्डच्या लाइन-इनमध्ये वेगळा द्यावा लागतो. “आवाजपण येतो” हे ऐकूनच मी सावध व्हायला हवं होतं.

कार्ड आलं, बसवलं. कॅप्चरच्या प्रोग्रॅममध्ये साधनच दिसेना. फोन केला तर म्हणाला, “ड्रायव्हर चुकलाय, डब्ल्यूडीएमवाला टाका.” (विंडोजच्या ड्रायव्हरचाच एक प्रकार.) टाकला. मग म्हणाला, जुनी आवृत्ती टाका. मग म्हणाला, विंडोज नव्याने टाका. दहा दिवस त्याने मला असं फिरवलं, आणि तेवढ्यात पैसे परत मागायची मुदतही निघून गेली, जी त्यानेच ‘आठ दिवस’ सांगितली होती. हे त्याने ठरवून केलं असं माझं ठाम मत आहे.

या दहा दिवसांत रोज रात्री मी एकच टेप लावून बघत होतो. दहाव्या रात्री व्हीसीआरमधून करकर आवाज आला. बाबा आतल्या खोलीतून ओरडत आले, “अरे झिला, बंद कर ता!” तोवर फीत ड्रमला गुंडाळली होती. चार मीटरचा तरी चुरगळा झाला. व्हीएचएसची फीत सेकंदाला साधारण २.३ सेंटिमीटर सरकते, म्हणजे जवळजवळ तीन मिनिटं गेली. संकासुराचा प्रवेश होता तो, आमच्या गावातल्या एका म्हाताऱ्या कलाकाराचा. त्यांचं दुसरं चित्रण आमच्याकडे नाही. बाबा काही बोलले नाहीत. फीत सरळ करत बसले.

दुसऱ्या दिवशी कार्ड काढून नीट बघितलं. सॉकेटजवळ चिपची चौकोनी जागा मोकळी, चारही बाजूंना कथिलाच्या नुसत्या रांगा. एकच बोर्ड छापून स्वस्त मॉडेलवर चिप न बसवणं ही तेव्हाची नेहमीची पद्धत, त्यात कंपनीची चूक नाही. पण ‘व्हीआयव्हीओ’चं स्टिकर नखाने उचकटलं तर खाली कंपनीचं मूळ लेबल निघालं, फक्त टीव्ही-आउट लिहिलेलं. केबल दुसऱ्याच कार्डाची. फोटो पाठवले, आणि त्याने मला ब्लॉक केलं. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला, पैसे नाहीत.

तुम्ही घेणार असाल तर विकणाऱ्याला व्हीसीआर लावायला सांगा आणि टेपेचं चित्र कॉम्प्युटरच्या खिडकीत हलताना बघा. टीव्हीकडे बघूच नका. सॉकेटजवळच्या चिपचा नंबर वाचता येईल असा फोटो मागा, स्टिकर काढून. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॅप्चरचं साधन दिसतंय का तेही. “ड्रायव्हर टाकला की होईल” असं म्हणाला तर सोडून द्या. आणि तपासणीला चांगली टेप कधीही लावू नका, बाजारातली कुठलीही जुनी चालेल.

पुढे मला कोल्हापूरहून रेज थिएटरवालं कार्ड मिळालं, असंच सगळं आधी बघून. चित्र ७२० बाय ५७६, कॉम्प्रेस न करता ठेवलं तर तासाला सुमारे ७५ जीबी. ३१ पैकी १२ टेपा झाल्या आहेत.

परवा तीच जाहिरात परत दिसली. तेच फोटो, लाल सतरंजीवर ठेवलेली तीच चार शेपट्यांची केबल. किंमत आता ५,२०० रुपये.