ईझेडएच२ ची अँटीबॉडी: मोनोक्लोनल घ्यावी का पॉलीक्लोनल?

नांदेड, संभाजीनगरकडची पीएचडीची पोरं हेच विचारायलेत, म्हणून लिहितो. ईझेडएच२ म्हणजे पीआरसी२ कॉम्प्लेक्समधलं (एकत्र काम करणाऱ्या प्रोटीनांच्या गटातलं) एन्झाइम, डीएनए ज्याच्यावर गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन एच३ प्रोटीनच्या २७ व्या लायसिनवर तीन मिथाइल लावतं आन जीन बंद राहतो. ते पेशीत शोधायला त्याला चिकटणारी अँटीबॉडी लागते.

पॉलीक्लोनल स्वस्त पडते, प्रोटीनच्या बऱ्याच जागा ओळखते म्हणून सिग्नल जोरात येतो, आन चिपमध्ये (प्रोटीन डीएनएवर कुठं बसलंय ते शोधायची पद्धत) फॉर्मल्डिहाइडनं एखादी जागा झाकली गेली तरी बाकीच्या उघड्या राहतात, हा फायदा खरंच मोठा आहे. पण लॉट बदलला की ससा वेगळा, सीरम वेगळं, मागचा आन पुढचा वेस्टर्न ब्लॉट (जेलवर प्रोटीन वेगळे करून अँटीबॉडीनं ओळखायची चाचणी) जुळंल याची खात्री नाही. त्यात ईझेडएच१ हा सख्खा भाऊ, दोघांचं सेट डोमेन (मिथाइल लावणारा भाग) खूप सारखं, त्या भागावर बनवलेली असली तर दोन्ही पकडू शकते.

रिकॉम्बिनंट (ठराविक जीनवरून बनवलेली) मोनोक्लोनल महाग, पण एकच जागा धरते आन थिसिस लिहायच्या वेळी नवी बाटली मागवली तरी तीच अँटीबॉडी मिळते. माझं मत हिच्याच बाजूनं. फक्त चिप करायची असंल तर डेटाशीटवर चिपला तपासलेली आहे का ते आधी बघा, वेस्टर्नला चालली म्हणजे तिथं चालंलच असं नाही.

वेस्टर्नमध्ये ईझेडएच२ चा बँड (पट्टी) हिशोबानं ८५ किलोडाल्टन वजनाला यायला पाहिजे, जेलवर बऱ्याचदा ९० च्या वर दिसतो, घाबरू नका. अँटीबॉडी कोणतीही घ्या, नॉकआउट पेशींचा (ईझेडएच२ चा जीन काढलेल्या) लायसेट, म्हणजे पेशी फोडून काढलेला अर्क, मात्र शेजारी लावाच, तिथं बँड दिसायला नको.

आन मे महिन्यात पार्सल मागवू नका, आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर असतो, वाटेत अँटीबॉडी खराब होऊ शकते.