जी१००० की जीटीएन ७५०: फ्लाइट प्लॅन कशावर हाताळायला शिकावं?

दोन सेसना १७२ समोर आहेत. एकीत गार्मिन कंपनीचा जी१०००, म्हणजे उड्डाणाची माहिती आणि मार्ग दाखवणारा पॅनेल: दोन मोठे स्क्रीन, सगळं काम नॉब आणि बटणांनी. दुसरीत जुनी गोल डायल्स आणि मधोमध गार्मिनचाच जीटीएन ७५०, टचस्क्रीनचा जीपीएस. सीपीएलचे (व्यावसायिक पायलट परवान्याचे) तास कुठल्या विमानावर घ्यायचे? दर सारखाच असेल तर जी१००० घ्या. जुन्या विमानाचं पॅनेल बदलायचं असेल तर मात्र जीटीएन.

समजा जुहूहून नाशिकमार्गे छत्रपती संभाजीनगरला (पूर्वीच्या औरंगाबादला) जायचंय. विमानतळांचे कोड अनुक्रमे व्हीएजेजे, व्हीएओझेड, व्हीएएयू. जीटीएनवर फ्लाइट प्लॅन (मार्गातल्या बिंदूंची यादी) उघडा, 'ॲड वेपॉइंट' (नवा बिंदू) दाबा, कीपॅडवर चार अक्षरं, एंटर. नवख्यालाही लगेच जमतं. जी१००० वर एफपीएल (फ्लाइट प्लॅन) बटण दाबायचं, एफएमएस नावाचा दुहेरी नॉब आत दाबून कर्सर आणायचा, मग छोट्या नॉबने अक्षर बदलायचं आणि मोठ्याने पुढच्या जागी जायचं. पश्चिम भारतातल्या बहुतेक विमानतळांचे कोड 'व्हीए'नेच सुरू होतात, त्यामुळे दर वेळी 'व्ही'पर्यंत फिरवत बसावं लागतं. त्यापेक्षा छोटा नॉब आधी डावीकडे फिरवा. जवळच्या आणि नुकत्याच वापरलेल्या ठिकाणांची यादी उघडते, तिथून निवडून एंटर.

आता मध्येच शिर्डी घालायची आहे. जीटीएनवर वेपॉइंटला टॅप केलं की 'आधी घालू की नंतर' असं तो विचारतो. जी१००० विचारत नाही. कर्सर ज्या ओळीवर, तिच्या आधी नवा बिंदू बसतो. म्हणजे व्हीएएसडी (शिर्डी) टाकताना कर्सर व्हीएएयूवर हवा. तो नाशिकवर राहिला तर आधी शिर्डी आणि मग मागे नाशिक असा उलटा मार्ग तयार होतो. नकाशा दूरवर झूम केलेला असेल तर ते लक्षातही येत नाही. म्हणून प्रत्येक बदलानंतर लेगचा (दोन वेपॉइंटमधल्या टप्प्याचा) कोर्स म्हणजे दिशा, आणि अंतर, कागदावर आधी मांडलेल्या नॅव्ह लॉगशी जुळवा. जीटीएनवरही हे टाळू नका. एकाच नावाचे बिंदू दुसऱ्या देशात असतात, आणि यादीतला चुकीचा बिंदू एका टॅपने निवडला जातो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. एअरबसमध्ये बदल आधी तात्पुरत्या पिवळ्या प्लॅनमध्ये दिसतो आणि इन्सर्ट केल्यावरच लागू होतो. बोइंगमध्ये एक्झिक्यूट दाबावं लागतं. जी१००० मध्ये चालू प्लॅनमधला वेपॉइंट बदलला की बदल तिथल्या तिथे लागू होतो. ऑटोपायलट एनएव्ही मोडवर (प्लॅनची रेषा धरून) असेल आणि तुम्ही चालू लेगला हात लावला, तर विमान वळायला लागतं. जीटीएनमध्येही यादीतले बदल असेच थेट होतात. म्हणून चालू लेग बदलण्याआधी हेडिंग बग (दिशेची खूण) सध्याच्या हेडिंगवर आणा, एचडीजी मोड (त्या खुणेच्या दिशेने उडणारा) लावा, बदल करा, तपासा आणि मगच एनएव्ही. ही शिस्त पुढे एअरलाइनमध्येही कामी येते. जी१००० वर कर्सर, एंटर आणि खात्री असे टप्पे हाताला लागत असल्याने ती लवकर अंगवळणी पडते.

'डायरेक्ट टू' आणि 'ॲक्टिव्हेट लेग' यांत बरेच जण गोंधळतात. डायरेक्टमध्ये रेषा तुम्ही आहात तिथून निघते. लेग ॲक्टिव्हेट केला की आधीच्या वेपॉइंटपासूनची मूळ रेषा पकडायची असते. मुंबई अप्रोच या नियंत्रण कक्षाने हेडिंग देऊन मार्ग इंटरसेप्ट करायला (त्याची रेषा पकडायला) सांगितला असेल, तर डायरेक्ट दाबणं चूक. जी१००० वर वेपॉइंटवर कर्सर ठेवा, मेन्यू, ॲक्टिव्हेट लेग, एंटर, पुन्हा एंटर. जीटीएनवर वेपॉइंटला टॅप केल्यावर तोच पर्याय मिळतो. होल्डिंग (एका बिंदूवर घिरट्या घालत थांबणं) दिलं तर होल्ड टाकण्याची सोय दोन्हीकडे सॉफ्टवेअरच्या आवृत्तीवर अवलंबून असते. नसेल तर ओबीएस मोड वापरा, म्हणजे प्लॅन पुढच्या लेगवर सरकत नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्री ओलांडताना गचके बसतात, तेव्हा बोट स्क्रीनवर नेमकं पडत नाही. जीटीएनची कड हाताने धरून अंगठ्याने टॅप करा, किंवा खालचा नॉब वापरा. जी१००० चा नॉब मुठीत असतो, त्याला गचक्यांचा त्रास कमी.

टॅबलेटवरून प्लॅन पाठवायचा असेल तर फ्लाइट स्ट्रीम ५१० कार्ड जीटीएन आणि जी१००० ची नवी आवृत्ती एनएक्सआय या दोन्हींत चालतं. प्लॅन स्क्रीनवर पाहून तुम्हालाच स्वीकारावा लागतो. नॅव्हिगेशन डेटाबेस दर २८ दिवसांनी बदलतो, तेव्हा सुरू करताना मुदत वाचा. आणि स्क्रीनवर मार्ग बदलला म्हणून एटीसीकडे (हवाई वाहतूक नियंत्रणाकडे) दिलेला प्लॅन बदलत नाही. एडीसी (हवाई संरक्षण मंजुरी) आणि एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) नंबर त्याच प्लॅनचे असतात.

घरच्या सरावात जीटीएन पुढे आहे: गार्मिनचा ट्रेनर (सराव ॲप) आयपॅडवर मोफत मिळतो. जी१००० साठी एक्स-प्लेन किंवा मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर पुरेसा आहे, पण माउसने नॉबची सवय बोटांना लागत नाही. ती हँगरमध्ये, विमानाला बाहेरून ग्राउंड पॉवर जोडूनच लावा. बॅटरीवर स्क्रीन चालू ठेवून बसलात तर ती उतरेल आणि त्यानंतरची सॉर्टी (उड्डाणाची फेरी) अडकेल.