सुकाणूचं कार्ड: रेघा अचूक, उच्चार चुकीचा

नागपुरात बर्डीवर मिळणाऱ्या चिनी अक्षरांच्या कार्डसंचात सुकाणूचं कार्ड सर्वात मोलाचं. अक्षर 11 रेघांचं: डावीकडे 6 रेघांची नाव, उजवीकडे 5 रेघांचा ध्वनिदर्शक भाग. रेघांचा क्रम बाणांनी नीट दाखवलाय. नावेची आडवी रेघ उजव्या उभ्या रेघेबाहेर काढायची नाही, नाहीतर ती शेजारच्या भागात घुसते आणि अक्षर दाटतं. नवशिके इथंच चुकतात. कार्डावर तेच ठळक केलंय. फार छान!

कार्डाच्या मागे छापलेली व्युत्पत्ती मात्र दिशाभूल करते. उजवा भाग मुळात सापाचं चित्र, हे खरं. पण ‘सापासारखी नाव वळवतं म्हणून सुकाणू’ हे ओढूनताणून जुळवलेलं. साप इथे फक्त आवाजापुरता आलाय. आज त्या भागाचा स्वतंत्र उच्चार ‘था’ होतो, म्हणून नातं कानाला कळत नाही.

उच्चार ‘दुओ’ छापलाय. चिनी उच्चारांच्या रोमन लेखनातला डी म्हणजे जवळपास आपला त. म्हणून ‘त्वो’, वरून झपकन खाली येणारा चौथा सूर. पुढे ‘हात’ जोडला की ‘त्वो-शोउ’, सुकाणू धरणारा.

संच जरूर घ्या, उच्चार पेनानं दुरुस्त करा. वल्ह्याचं अक्षर, खाली लाकूड असलेलं, यात हवंच होतं.