विनोदी व्हिडिओ करणाऱ्यांसाठी सोनी झेडव्ही-ई१०: एक परीक्षण

सोनी कंपनीने जुलै २०२१ मध्ये झेडव्ही-ई१० हा कॅमेरा बाजारात आणला, तो स्वतःकडे कॅमेरा वळवून प्रेक्षकांशी बोलणाऱ्या व्लॉगरमंडळींना डोळ्यांसमोर ठेवून. साहजिकच त्याची चर्चाही त्याच अंगाने होत आली: चेहरा किती उजळ दिसतो, मागची पार्श्वभूमी किती धूसर होते, हातात धरून चालताना चित्र किती हलते. स्वतःच्या खिशातून पैसे घालून विनोदी व्हिडिओ करणाऱ्या छोट्या गटाच्या गरजा मात्र निराळ्या असतात. दोन-तीन नट, कोणाच्या तरी घरचा एका दिवसापुरता मिळालेला हॉल, वर्गणीतून जमलेले पैसे आणि ध्वनीसाठी स्वतंत्र माणूस नाही, अशी साधारण परिस्थिती असते. या कामासाठी हा कॅमेरा आजही घेण्याजोगा आहे असे माझे मत आहे. पण तो वापरलेला, चांगल्या अवस्थेतला घ्यावा आणि हाती असलेल्या पैशांपैकी निदान निम्मे ध्वनीसाठी बाजूला काढल्यानंतरच घ्यावा.

कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलीचे वडील ‘पॅकेज किती?’ असे विचारतात तेव्हा हसू त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून येत नाही, ते शेजारी बशी धरून बसलेल्या मुलाच्या आईकडे पाहून येते. म्हणजे विचारणारा आणि ऐकणारी दोघेही एकाच चौकटीत आणि दोघेही स्पष्ट दिसले पाहिजेत. पार्श्वभूमी धूसर करण्याच्या हौसेपायी आईच धूसर झाली, तर त्या प्रसंगातला विनोद तिथेच संपला. या बाबतीत झेडव्ही-ई१० चा एपीएस-सी या मध्यम आकाराचा सेन्सर आणि त्याच्याबरोबर मिळणारी, अनेकांनी नावे ठेवलेली १६-५० मिमीची लेन्स ही जोडी उपयोगी पडते. लेन्स २४ मिमीवर, अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचे छिद्र) एफ ५.६ वर आणि फोकस तीन मीटरवर ठेवला, तर साधारण दोन मीटरपासून सात मीटरपर्यंतचे सगळे पुरेसे स्पष्ट येते, आणि एवढ्यात दिवाणखाना सोफ्यापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत बसतो. ऑटोफोकस चांगला असला तरी दोन माणसे आलटून-पालटून बोलत असताना तो कोणाच्या चेहऱ्याला चिकटेल याचा भरवसा नसतो. म्हणून फोकस एकदा जुळवून मॅन्युअलवर ठेवावा. पार्श्वभूमी धूसर करण्यासाठी कंपनीने एक खास बटण दिले आहे. या कामात त्याच्या वाटेला जाऊ नये.

दुसरी गोष्ट फ्रेम-रेटची, म्हणजे सेकंदाला किती चित्रे टिपायची याची. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे घरातले बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होत असतात, आणि परदेशी व्हिडिओ पाहून ३० फ्रेमवर शूट करणाऱ्यांच्या चित्रात भिंतीवर पट्टे सरकताना दिसतात ते बहुधा यामुळे. मेनूमध्ये एनटीएससी (३० फ्रेमसाठी) आणि पाल (२५ फ्रेमसाठी) असे दोन पर्याय आहेत, त्यांतला पाल निवडावा, २५ फ्रेमवर शूट करावे आणि शटर १/५० सेकंदावर ठेवावे. या कॅमेऱ्यात याचा आणखी एक फायदा होतो. फोर-के मध्ये २५ फ्रेमवर सेन्सरची पूर्ण रुंदी वापरली जाते आणि साधारण सहा-के इतक्या माहितीतून चित्र तयार होते. ३० फ्रेमवर मात्र चित्र सुमारे १.२३ पटींनी कापले जाते, म्हणजे १६ मिमीची लेन्स वीस मिमीच्या आसपास जाऊन पोचते. मोकळ्या मैदानात हे जाणवणार नाही. वन बीएचकेच्या हॉलमध्ये, जिथे कॅमेरामन आधीच भिंतीला पाठ टेकून उभा असतो, तिथे हाच फरक तिसऱ्या नटाला चौकटीत घ्यायचे की बाहेर ठेवायचे हे ठरवतो. पद्धत बदलली की मेमरी कार्ड फॉरमॅट करावे लागते, तेव्हा हे काम शूटच्या आधीच उरकावे.

फोर-के चा खरा उपयोग विनोदात चित्राच्या झळाळीसाठी नाही, संकलनासाठी आहे. शेवटचा व्हिडिओ १०८० (फुल एचडी) मध्ये द्यायचा असेल, तर फोर-के चित्र दुपटीपर्यंत मोठे करता येते. म्हणजे दोघांच्या एकाच शॉटमधून दोघांचे स्वतंत्र क्लोजअप निघतात. ऐनवेळी सुचलेले वाक्य नटाला दुसऱ्या टेकला तसेच्या तसे कधीच येत नाही, आणि समोरच्याचे खरे हसू तर एकदाच येते. अशा वेळी एकाच टेकमधून सगळे काढता येणे ही मोठी सोय आहे. मात्र कॅमेरा आठ बिटांचे रंग नोंदवतो, त्यामुळे एस-लॉग या, रंग नंतर घडवण्यासाठी फिके चित्र देणाऱ्या प्रोफाइलच्या नादी लागून नंतर रंगांशी फार झटापट करण्यात अर्थ नाही. साधे प्रोफाइल, योग्य व्हाइट बॅलन्स आणि चेहऱ्यावर पसरट, मऊ प्रकाश एवढ्यावर काम भागते.

लेन्स पॉवर झूमची असल्यामुळे शटरभोवतीच्या खटक्याने हळूहळू जवळ जाता येते, आणि एखाद्या पात्राला आपण फसलो हे उमजत असताना असा संथ झूम फार परिणामकारक ठरतो. झटक्यात चेहऱ्यावर आदळणारा झूम या लेन्सने नीट होत नाही, तो संकलनातच करावा.

कॅमेऱ्याची सर्वांत मोठी उणीव याच्या पुढे सुरू होते. सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो आणि या सेन्सरचा वाचण्याचा वेग फोर-के मध्ये कमी आहे, त्यामुळे कॅमेरा झपकन एका नटावरून दुसऱ्यावर वळवला की दाराच्या चौकटी आणि कपाटे तिरकी होताना दिसतात. झटकन वळणारा कॅमेरा हे ज्यांच्या शैलीचे मुख्य अंग आहे, म्हणजे मुलाखतवजा खोट्या माहितीपटांच्या धर्तीवर जे काम करतात, त्यांनी हा कॅमेरा घेऊ नये. सेन्सर स्थिर ठेवणारी यंत्रणाही यात नाही. लेन्समधली यंत्रणा हाताचा बारीक थरकाप सांभाळते, आणि ‘अ‍ॅक्टिव्ह’ नावाचा पर्याय वापरला तर चित्र आणखी बरेच कापले जाते. थोडक्यात, हा तिपाईवरचा कॅमेरा आहे. विनोदाला तिपाई मानवते असे माझे ठाम मत आहे, पण ते सर्वांना पटेल असे नाही.

आता ध्वनी. मराठी विनोदी व्हिडिओंतले पुष्कळ कलाकार महाविद्यालयीन एकांकिकांतून येतात. पुरुषोत्तम करंडकाच्या निमित्ताने भरत नाट्य मंदिराच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय लागलेला नट दहा बाय बाराच्या खोलीत उभा राहतो, एक वाक्य कुजबुजतो आणि पुढचे वाक्य घर डोक्यावर घेऊन बोलतो. कॅमेऱ्यातला ध्वनी १६ बिटांचा आहे. कुजबुज ऐकू यावी म्हणून पातळी वाढवली तर ओरडणे फाटते, आणि ओरडण्यासाठी कमी केली तर कुजबुजीबरोबर सूं-सूं आवाज वर येतो. पातळी आपोआप ठरवू दिली तर त्याहून वाईट होते, कारण ओरडून झाल्यावरच्या शांततेत, जिथे प्रेक्षकाने हसायचे असते, तिथे पंख्याचा आवाज हळूहळू चढत जातो. कॅमेऱ्यावर बसवलेला तीन कॅप्सूलचा माइक व्लॉगसाठी बरा आहे, पण दोन मीटरवरून तो संवादाइतकीच भिंतींची घुमघुमही नोंदवतो.

यावरचा उपाय म्हणजे ३२ बिट फ्लोट, म्हणजे अगदी हळू आणि अगदी मोठा आवाज एकाच वेळी सामावणारी, नोंदणी करणारा वेगळा रेकॉर्डर. झूम कंपनीचा एफ३ हा २०२२ मधला रेकॉर्डर मला या कामासाठी नेमका वाटतो. त्यात दोन एक्सएलआर (व्यावसायिक माइकच्या) जोडण्या आहेत, आणि नोंदणीची पातळी ठरवण्यासाठी फिरवायचा खटकाच नाही, कारण त्याची गरज पडत नाही. कुजबुज आणि आरोळी दोन्ही शाबूत राहतात आणि नंतर हवी तशी वर-खाली करता येतात. ध्वनीसाठी स्वतंत्र माणूस नसलेल्या गटाला याहून मोठी मदत दुसरी नाही. मात्र माइकच पेलू शकणार नाही इतका मोठा आवाज असेल, तर तिथे रेकॉर्डरचाही इलाज चालत नाही. टेकच्या सुरुवातीला एक टाळी वाजवली की कॅमेऱ्यातला कच्चा आवाज आणि रेकॉर्डरमधला आवाज संकलनात जुळवता येतो.

माइक बूमवर (लांब दांडीवर) लावून नटांच्या डोक्यावर, चौकटीच्या अगदी कडेपर्यंत खाली आणावा. फरशी आणि मोकळ्या भिंतींच्या खोलीत लांब नळीच्या शॉटगन माइकपेक्षा आखूड हायपरकार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा) माइक बहुधा स्वच्छ आवाज देतो, आणि चौकटीबाहेरच्या भिंतींवर दोन गोधड्या टांगल्या तर फरक लगेच कानावर येतो. इथे एक पेच पडतो: संकलनात मोठे करता यावे म्हणून चौकट रुंद ठेवली, तर माइक लांब जातो. कॅमेरा तिपाईवर पक्का असेल तर त्यातून वाट निघते. माइक सरळ चौकटीत येऊ द्यावा, शॉट संपल्यावर बूम बाजूला करून रिकाम्या खोलीचे काही सेकंद टिपावेत, आणि संकलनात वरच्या भागावर तो तुकडा चिकटवावा. माइक आणि नटाचे डोके एकमेकांवर येऊ नयेत आणि मधल्या काळात प्रकाश बदलू नये, इतकेच पथ्य.

कपड्याला लावायचे वायरलेस माइक सोयीचे असतात, पण विनोदी अभिनयात हात छातीवर आपटतात, पदर सावरला जातो, माणसे एकमेकांच्या अंगावर पडतात आणि प्रत्येक वेळी खरखर नोंदवली जाते. ते पर्यायी नोंदणी म्हणून ठेवावेत. शूट सुरू करण्यापूर्वी पंखा आणि फ्रिज बंद करावेत. फ्रिज पुन्हा सुरू करायचे लक्षात राहावे म्हणून स्कूटरची किल्ली त्यातच ठेवण्याची युक्ती जुनी आहे आणि अजून चालते.

हाताळणीत बारीकसारीक त्रास आहेत. एनपी-एफडब्ल्यू५० ही बॅटरी लहान आहे आणि थांबत-थांबत शूट केले तर दीड तासाच्या आत दम तोडते. बॅटरी आणि कार्ड दोन्ही तळाच्या एकाच झाकणाआड असल्यामुळे तिपाईची पट्टी लावली की ते झाकण अडते आणि प्रत्येक वेळी पट्टी सोडवावी लागते. त्यामुळे यूएसबी-सी मधून पॉवर बँक जोडून ठेवणे आणि मोठ्या क्षमतेचे कार्ड घालणे हाच शहाणपणा. ‘ऑटो पॉवर ऑफ टेम्परेचर’ हा पर्याय ‘हाय’ वर ठेवावा, नाहीतर वैशाखात पंखा बंद असलेल्या खोलीत कॅमेरा तापून मध्येच बंद पडण्याची शक्यता वाढते. स्पर्शपडद्यावर बोट ठेवून फोकस निवडता येतो, पण मेनू स्पर्शाने चालत नाही. व्ह्यूफाइंडर नसल्यामुळे भर उन्हात गच्चीवर शूट करताना पडद्यावर काय दिसते याचा अंदाजच बांधावा लागतो. हेडफोनची जोडणी आहे, आणि या वर्गात ती गृहीत धरता येत नाही.

जुलै २०२४ मध्ये याची दुसरी आवृत्ती जाहीर झाली. तिच्यात मोठी एनपी-एफझेड१०० बॅटरी, दहा बिटांचे रंग आणि अधिक वेगाने वाचला जाणारा नवा सेन्सर आहे, पण सेन्सर स्थिर ठेवणारी यंत्रणा तिच्यातही नाही. ज्यांचा कॅमेरा सतत हलतो त्यांनी तिचा विचार करावा. बाकीच्यांनी किमतीतला फरक रेकॉर्डर, माइक आणि बूमवर घालवावा. ज्या गटाकडे बऱ्यापैकी कॅमेऱ्याचा फोन आधीच आहे आणि पैसे फारच थोडे आहेत, त्यांनी आधी ध्वनीचे सामान घ्यावे आणि कॅमेरा शूटच्या दिवसापुरता भाड्याने आणावा.

वापरलेला झेडव्ही-ई१० घेताना बाजूला उघडणारा पडदा सर्व कोनांत फिरवून तो लुकलुकत नाही ना हे पाहावे, पॉवर बँक जोडून निदान अर्धा तास फोर-के नोंदणी चालू ठेवावी, आणि एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवर धूळ-डाग आहेत का ते तपासावे. शेवटी कानाला हेडफोन लावून, माइकची पिन त्याच्या खाचेत घालून ती हलकेच हलवून पाहावी. खरखर ऐकू आली तर किंमत कितीही उतरवून दिली तरी तो नग घेऊ नये.