शेवटची ओळ कुठे हरवते: एसट्रेस, एफट्रेस की बायसेक्ट?

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आमचा छोटा लिनक्स बॉक्स बसवलेला आहे. त्यावरचा प्रोग्राम स्यूडो-टर्मिनलवर (सॉफ्टवेअरने बनवलेलं टर्मिनल; कमांडकडचं टोक स्लेव्ह, आपल्या प्रोग्रामकडचं मास्टर) यंत्रतपासणीची कमांड चालवतो आणि तिचं आउटपुट वाचून ठेवतो. साधारण दोनशे वेळांत एकदा शेवटची ओळ गायब होत होती. मास्टरकडून वाचताना ईआयओ (इनपुट-आउटपुट) एरर यायची आणि प्रोग्राम समजायचा, संपलं.

ईआयओ आली म्हणजे बग, असं नाही. लिनक्सवर स्लेव्हची बाजू पूर्ण बंद झाली की मास्टरला ती येतेच. मजकूर वाचायचा शिल्लक असताना ती आली, तर मात्र कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, बघावं लागतं.

गंगापूर धरणातून आवर्तन सुटलं आणि टेलच्या शेतात पाणी पोचलं नाही, तर आपण काय करतो? धरणावर विचारतो, शेतात बघतो. नाहीतर पाटाच्या कडेने चालत जाऊन कुठल्या चारीपाशी पाणी अडलं ते पाहतो. एसट्रेस, म्हणजे प्रोग्रामने कर्नलला केलेल्या विनंत्या (सिस्टिम कॉल) नोंदवणारं साधन, पहिलं काम करतं; एफट्रेस, म्हणजे कर्नलच्या आतली फंक्शन्स नोंदवणारं साधन, दुसरं.

एसट्रेस लावायला दोन मिनिटं लागतात, कर्नलला हात लावावा लागत नाही. स्लेव्हकडे किती बाइट लिहिले, मास्टरकडून किती वाचले, हे स्वच्छ दिसतं. चूक आपल्याच प्रोग्रामची असेल तर ती इथेच सापडते, म्हणून सुरुवात यानेच करा. पण ते प्रत्येक सिस्टिम कॉलला प्रोसेस दोनदा थांबवतं. आमचा बग वेळेच्या शर्यतीचा होता, म्हणजे दोन कामांतलं कुठलं आधी होतं यावर निकाल ठरायचा. एसट्रेस लावलं की सगळं संथ व्हायचं आणि ओळ कधीच हरवायची नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं बग गेला. तसं समजू नका. एसट्रेसखाली बग लपत असेल तर शर्यतीचा संशय पक्का धरा.

एफट्रेस 2008 पासून कर्नलमध्येच आहे, फक्त कर्नल त्या पर्यायासह बांधलेला हवा. पीटीवाय राइट, फ्लश टू एलडिस्क, एन टीटीवाय रीड, पीटीवाय क्लोज एवढीच स्यूडो-टर्मिनलच्या वाटेवरची चार फंक्शन्स निवडली तर बोजा अगदी थोडा पडतो आणि नोंदी मायक्रोसेकंदांत मिळतात. स्लेव्हने लिहिलेला मजकूर थेट मास्टरला मिळत नाही. कर्नलचा एक वर्कर तो बफरमधून पुढे ढकलतो. वर्कर दुसऱ्या सीपीयूवर रांगेत असतानाच स्लेव्ह बंद झाली, तर वाचणाऱ्याला बफर रिकामा दिसतो आणि समोरचं टोक बंद दिसतं. हे मधलं अंतर एसट्रेसला दिसणं शक्यच नव्हतं. युक्ती एकच: ईआयओ आल्याक्षणी प्रोग्रामनेच ट्रेसिंग बंद करावं, म्हणजे हव्या त्या नोंदी पुसल्या जात नाहीत. प्रिंटके, म्हणजे कर्नलमधूनच संदेश छापणं, मात्र टाळा. सिरियल कन्सोलवर छापताना तोही वेळ बिघडवतो.

बायसेक्टचं, म्हणजे आवृत्त्यांची यादी दर वेळी अर्धी करत दोषी बदल शोधण्याचं, आकर्षण मला समजतं. हजार कमिटमधून (नोंदवलेल्या बदलांमधून) दहाएक चाचण्यांत दोषी बदल हाती लागतो. पण दोनशेत एकदा येणाऱ्या बगसाठी एखादी आवृत्ती 'चांगली' म्हणायला, पंचाण्णव टक्के खात्री हवी असेल तर, सुमारे सहाशे वेळा चालवावं लागतं. एक चुकीचा 'चांगला' पुढचा सगळा शोध भलतीकडे नेतो. शिवाय आमच्या बॉक्सच्या विक्रेत्याने कर्नलचा सोर्स दिला होता, कमिटचा इतिहास नव्हता. तिथेच विषय संपला. बग हमखास येत असेल आणि जुनी चांगली आवृत्ती माहीत असेल, तर मात्र मी आधी बायसेक्टच निवडेन.

स्मृती (मेमरी) बिघडत असेल, कर्नल पॅनिक होत (कोसळत) असेल, तर या तिघांना बाजूला ठेवून केएसॅन (मेमरीच्या चुका पकडणारी कर्नलची सोय) लावलेला कर्नल बांधा. 2009 मध्ये 2.6.31 या कर्नलच्या वेळी टीटीवायमध्ये (कर्नलच्या टर्मिनल विभागात) शिरलेली एक शर्यत 2014 पर्यंत लपून राहिली होती, आणि ती स्मृती बिघडवणारी होती.

आमच्या बगची दुरुस्ती मूळ कर्नलमध्ये 2016 सालीच झालेली निघाली. विक्रेत्याचा कर्नल त्याआधीचा होता. तो बदलेपर्यंत आम्ही पालक प्रोसेसमध्ये स्लेव्हचं एक टोक उघडं ठेवतो, त्यामुळे ईआयओ येतच नाही. कमांड संपल्याचं वेटपिड या सिस्टिम कॉलने कळतं, मग थोडी मुदत देऊन पोल या कॉलने मास्टर रिकामा होईपर्यंत वाचतो.